परळ ते लहरतारा : काशीतील स्त्री-कर्करोगोपचाराची जडणघडण

काशीच्या घाटांच्या रांगेत मुन्शी घाट आणि शीतला घाट यांच्या मध्ये असलेला अहिल्याबाई घाट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतला आणि त्याचे केवलगिरी हे जुने नाव मागे पडून बांधणारीचेच नाव त्याला लागले. १७८० मध्ये पूर्ण झालेली काशीविश्वनाथ मंदिराची उभारणी, हा घाट आणि त्यालगतचा वाडा ही त्यांची काशीतील कामे शिंदे, भोसले व पेशवे यांच्या कामांच्या शेजारी उभी आहेत. परंतु अहिल्याबाईंच्या कामांचे वैशिष्ट्य केवळ दगडी बांधकामात नाही. राज्याच्या तिजोरीला हात न लावता खासगीच्या उत्पन्नातून खर्च करायचा आणि वास्तू उभी राहिल्यावर तिच्या नित्य खर्चाचीही तजवीज लावून द्यायची, ही त्यांची पद्धत होती. ३१ मे २०२५ रोजी त्यांच्या जन्माला ३०० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने काशी आणि महाराष्ट्र यांच्या संबंधांचा आढावा घेताना घाट, मंदिरे आणि वेदपाठशाळा यांच्यापुढे जाऊन अलीकडच्या एका संस्थेची नोंद करणे आवश्यक ठरते. कारण मुंबईच्या परळमध्ये रुजलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने काशीत दोन रुग्णालये उभी केली असून गंगेच्या मैदानातील स्त्रियांच्या कर्करोगोपचाराचा मोठा भार आज त्यांच्यावर आहे. लहरतारा येथील होमी भाभा कर्करोग रुग्णालय आणि बनारस हिंदू विद्यापीठाच्या परिसरातील महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र ही ती दोन रुग्णालये होत.

स्त्रीच्या प्रजनन-अवयवांत उद्भवणाऱ्या कर्करोगांचा एक स्वतंत्र गट मानला जातो. गर्भाशयाचे मुख, गर्भाशयाचे अस्तर, अंडाशय, योनिमार्ग आणि बाह्य जननेंद्रिय ही त्यांची प्रमुख स्थाने होत. बोलीभाषेत ‘पिशवीचा कॅन्सर’ या एकाच नावाखाली हे सारे आजार जमा होत असले, तरी त्यांची कारणे, वागणूक आणि उपचार एकमेकांपासून बरेच भिन्न आहेत. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. अंडाशयाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण सुमारे ४७ हजार होते. यांपैकी पहिला आजार बहुतांशी टाळता येण्याजोगा आहे आणि लवकर सापडल्यास बरा होण्याजोगाही आहे. म्हणूनच त्याने होणारा प्रत्येक मृत्यू आरोग्यव्यवस्थेच्या खाती नावे पडतो. तो बहुधा एचपीव्ही या विषाणूच्या काही प्रकारांच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गातून होतो. संसर्ग झाल्यापासून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो आणि या अवधीत पेशींमधील बदल ओळखून ते किरकोळ उपचारांनी काढून टाकता येतात. प्रत्यक्षात मात्र अंगावरून रक्त जाऊ लागेपर्यंत किंवा पांढऱ्या पाण्याला असह्य दुर्गंधी येईपर्यंत बाई कोणाला काही सांगत नाही आणि सांगितले तरी घरातले आधी गावातल्या औषधावरच भागवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के भारतीय स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधी काळी करून घेतल्याचे आढळले.

काशीतील संस्थेचा इतिहास परळपासून सांगावा लागतो. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटा यांचेही निधन झाले. त्यांच्या नावाच्या न्यासाने परळला बांधलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ८० खाटांनिशी सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. समाजाच्या चालीरीती आणि कर्करोगाची जागा यांचा परस्परसंबंध शोधण्याची जी दृष्टी त्यांनी भारतीय वैद्यकाला दिली, तिच्यामुळे या रुग्णालयात आजाराइतकाच आजारी माणसाचा समाजही अभ्यासाचा विषय झाला. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदवही सुरू केली. लोकसंख्याधारित नोंदवही म्हणजे एखाद्या रुग्णालयात येणाऱ्यांचीच नव्हे, तर ठरावीक भूभागात राहणाऱ्या सर्व लोकांमधील कर्करोगाची नोंद. गेल्या काही दशकांत मुंबईत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण घटत गेले आणि स्तनाच्या कर्करोगाचे वाढत गेले, हे या नोंदवहीमुळेच आकड्यांनिशी दिसले.

१९५७ मध्ये रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने अणुऊर्जा विभागाकडे गेले. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली का असावे, हा प्रश्न सामान्य वाचकाला पडतो; गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा उपचार समजून घेतला म्हणजे त्याचे उत्तर मिळते. गाठ लहान आणि गर्भाशयमुखापुरती मर्यादित असताना शस्त्रक्रिया पुरेशी ठरते. परंतु आपल्याकडे बहुसंख्य स्त्रिया ज्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचतात, त्या अवस्थेत शस्त्रक्रियेचा उपयोग उरलेला नसतो आणि मुख्य भिस्त किरणोत्सारावर असते. या उपचाराचे दोन भाग असतात. पहिल्या भागात यंत्रातून ओटीपोटावर बाहेरून किरण दिले जातात. हा ‘शेक’ आठवड्यातून पाच दिवस, सुमारे पाच आठवडे चालतो आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध शिरेतून देतात, कारण ते कर्कपेशींना किरणांपुढे अधिक दुबळे करते. दुसऱ्या भागाला ब्रेकीथेरपी म्हणतात. त्यात गर्भाशयात व योनिमार्गात पोकळ नळ्या बसवून किरणोत्सारी स्रोत काही मिनिटांसाठी गाठीच्या अगदी निकट नेला जातो, त्यामुळे गाठीला मोठी मात्रा मिळते आणि मूत्राशय व गुदाशय यांचा शक्य तितका बचाव होतो. पूर्वी त्यासाठी रेडियम आणि नंतर सिझियम वापरत. आता बहुधा इरिडियम-१९२ वापरले जाते, ज्याची किरणोत्सारी शक्ती सुमारे ७४ दिवसांत निम्मी होते आणि म्हणून स्रोत दर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो. यंत्र एकदा विकत घेऊन भागत नाही. स्रोताचा अखंड पुरवठा, मात्रेचे गणित करणारे भौतिकशास्त्रज्ञ आणि सुरक्षिततेची शिस्त यांची घडी बसलेली असल्याशिवाय हा उपचार चालत नाही. बाहेरून किरण देणाऱ्या कोबाल्ट यंत्राची देशी आवृत्ती भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केली आणि तिला भाभाट्रॉन हे नाव दिले, ते याच परंपरेतून.

या उपचाराला वेळेचे कडक बंधन आहे. पहिल्या किरणापासून शेवटच्या ब्रेकीथेरपीपर्यंतचा सारा उपचार आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत, संपला पाहिजे. त्यापुढे लांबणाऱ्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळातील अनेक अभ्यासांनी दाखवले. याचा अर्थ असा की, घरी शेताची कापणी आली, मुलाची परीक्षा आली, भाड्याचे पैसे संपले किंवा सोबत आलेल्या भावाची रजा संपली म्हणून दहा-पंधरा दिवस खंड पडला, तर तो खंड औषधाची मात्रा चुकण्याइतकाच घातक ठरतो. स्त्रियांच्या कर्करोगाबाबत राहण्याची जागा, जेवण, प्रवासखर्च आणि सोबतीचे माणूस या गोष्टी उपचाराच्या बाहेरच्या समजण्याची जी सवय वैद्यकात दीर्घकाळ होती, ती या एका आकड्याने खोटी ठरवली आहे आणि काशीतील संस्थेचे महत्त्वही मुख्यतः याच आकड्याच्या आधारे समजून घ्यावे लागते.

बनारस ते मुंबई हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर असून महानगरीसारख्या गाडीलाही एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. पूर्व उत्तर प्रदेश आणि पश्चिम बिहार येथील रुग्ण अनेक दशके रेल्वेच्या सवलतीच्या तिकिटावर मुंबईला येत राहिले. परळ आणि दादरच्या परिसरात त्यांच्यासाठी जी व्यवस्था हळूहळू उभी राहिली, तिचे श्रेय बरेचसे मराठी समाजाला द्यावे लागते. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा बांधणाऱ्या गाडगे महाराजांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांसाठीच आहे. परळची नाना पालकर स्मृती समितीही याच कामात आहे. तरीही जागा कधी पुरली नाही, आणि रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर मुक्काम करणारी कुटुंबे हे मुंबईचे नित्याचे दृश्य राहिले. पुरुष रुग्णासोबत बायको येते. बाई आजारी पडली तर तिच्यासोबत कोण येणार, घरची मुले कोणाकडे ठेवणार, हे ठरेपर्यंत आजार एक पायरी पुढे गेलेला असतो. वृद्ध आणि विधवा स्त्रियांच्या बाबतीत तर मुंबईला जाण्याचा निर्णय अनेकदा होतच नसे. अशा स्त्रिया कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदीत येत नाहीत, म्हणून त्यांची संख्याही कोणाला मोजता आलेली नाही.

परळने या काळात उपचारांइतकेच त्यांच्या पारखण्याकडे लक्ष दिले आणि त्यातील काही निष्कर्ष जगभर स्वीकारले गेले. गर्भाशयमुखाचा कर्करोग ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पसरलेला असताना किरणांच्या जोडीला सिस्प्लॅटिन दिल्याने खरोखर फायदा होतो का, याचा शोध घेण्यासाठी २००३ ते २०११ या काळात ८५० स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी घेण्यात आली. पाच वर्षांनंतर नुसत्या किरणांच्या गटातील ४६ टक्के, तर दोन्ही उपचार मिळालेल्या गटातील ५४ टक्के स्त्रिया जिवंत होत्या. दुसऱ्या एका चाचणीत आधी औषधे देऊन मग शस्त्रक्रिया करणे आणि थेट किरण-औषधांचा एकत्रित उपचार करणे यांची तुलना झाली आणि रोगमुक्त राहणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण दुसऱ्या गटात अधिक निघाले. अनेक शल्यचिकित्सकांना हा निष्कर्ष रुचला नसावा. परंतु निष्कर्ष आपल्याच संस्थेच्या प्रचलित पद्धतीविरुद्ध गेला तरी तो प्रसिद्ध करायचा, ही शिस्त त्यातून पक्की झाली. तिसरी चाचणी परिणामांच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याची म्हणावी लागेल. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचाराची गरज असलेल्या ३०० स्त्रियांपैकी निम्म्यांना जुन्या पद्धतीने, तर निम्म्यांना प्रतिमांच्या साहाय्याने किरणांचा आकार व तीव्रता नियंत्रित करणाऱ्या नव्या पद्धतीने उपचार देण्यात आले. तीन वर्षांनी आतड्याचा लक्षणीय त्रास जुन्या पद्धतीच्या गटात ४२.४ टक्के, तर नव्या गटात २१.१ टक्के स्त्रियांमध्ये आढळला. वरचेवर शौचाला जावे लागणे, रक्त पडणे, पोटात मुरडा येणे हे त्रास ज्या बाईला शेतावर किंवा धुण्याभांड्यांच्या कामाला जायचे आहे, तिचे जगणेच अडवतात. रोग बरा झाला एवढ्यावर समाधान मानण्याचा काळ या चाचणीने मागे टाकला.

रुग्णालयाबाहेरच्या कामाची नोंद करताना दोन मराठी भूभाग विसरून चालत नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू केली आणि गावोगाव केवळ माहिती देत राहिल्यानेही स्त्रिया लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागतात, असे त्या नोंदींतून दिसून आले. पुढे १९९९ पासून त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या सहकार्याने झाला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात, हे २००९ मध्ये त्यातून सिद्ध झाले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना थोड्या आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन व्हिनेगरच्या चाचणीसाठी तयार करण्यात आले. या चाचणीत गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावतात आणि मिनिटभराने पांढरे पडणारे भाग पाहतात. प्रयोगशाळा लागत नाही, निकालासाठी थांबावे लागत नाही. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाला मृत्यूंमध्ये ३१ टक्के घट आढळली. या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी घेतलेल्या गटातील स्त्रियांची तपासणी केली गेली नाही आणि त्यातील काही त्याच रोगाने दगावल्या, याबद्दल पुढे कठोर टीका झाली. ही टीका गैरलागू म्हणून झटकून टाकता येणार नाही. ज्या देशात तपासणी मुळातच होत नव्हती तेथे ‘प्रचलित व्यवस्था’ या शब्दांचा अर्थ काय, हा तिचा गाभा होता आणि त्याचे उत्तर आजही सर्वांना पटलेले नाही.

काशीत या कामाची पायाभरणी होण्यापूर्वी तेथे कर्करोगोपचार नव्हता असे नाही. बनारस हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या सर सुंदरलाल रुग्णालयात शस्त्रक्रिया आणि किरणोपचार होत होते, तर लहरतारा येथे भारतीय रेल्वेचे कर्करोग रुग्णालय होते. संत कबीर ज्या तळ्यात नीरू आणि नीमा या विणकर दांपत्याला सापडले अशी लोकश्रद्धा आहे, ते लहरताराचे तळे याच भागात आहे. परंतु आसपासच्या डझनावारी जिल्ह्यांतून आणि शेजारच्या राज्यांतून येणारी रुग्णसंख्या या दोन जागांना पेलण्याजोगी नव्हती. २२ डिसेंबर २०१६ रोजी विद्यापीठाच्या परिसरातील नव्या केंद्राची कोनशिला बसवली गेली. २०१८ मध्ये रेल्वेचे रुग्णालय टाटा स्मारक केंद्राकडे येऊन त्याला होमी भाभांचे नाव मिळाले आणि १९ फेब्रुवारी २०१९ रोजी दोन्ही रुग्णालयांचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. महामना केंद्र सुमारे साडेतीनशे, तर लहरताराचे रुग्णालय सुमारे १८० खाटांचे आहे. किरणोपचाराचे तज्ज्ञ आणि बनारस हिंदू विद्यापीठातील अध्यापनाचा अनुभव असलेले डॉ. सत्यजित प्रधान यांच्याकडे संचालकपद आल्याने परळची पद्धत आणि बनारसची ओळख यांचा मेळ बसला. याच काळात टाटा स्मारक केंद्राने संगरूर, गुवाहाटी, विशाखापट्टणम, मुल्लांपूर आणि मुझफ्फरपूर येथेही रुग्णालये चालवायला घेतली आणि २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालाद्वारे देशभरातील रुग्णालयांना समान उपचारपद्धतीत बांधले.

इमारतीपूर्वी माहिती, हा परळचा जुना धडा येथेही गिरवला गेला. २०१७ पासूनच्या नोंदी गोळा करणारी वाराणसी जिल्ह्याची लोकसंख्याधारित नोंदवही तयार झाली. स्त्रियांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या जोडीला पित्ताशयाचा कर्करोग ठळकपणे आढळतो. मुंबईच्या तुलनेत हे गंगेच्या मैदानाचे वेगळेपण आहे. त्यामुळे पोटात पाणी झालेली आणि वजन घटलेली स्त्री समोर आली की अंडाशयाच्या आजाराबरोबरच पित्ताशयाचाही विचार येथील डॉक्टरांना करावा लागतो.

अंडाशयाच्या कर्करोगाविषयी थोडक्यात सांगायचे तर त्याची लक्षणे इतकी सर्वसामान्य असतात, पोट फुगणे, भूक मंदावणे, थोड्या खाण्याने पोट भरल्यासारखे वाटणे, की निदान बहुधा उशिरा होते. पसरलेला सर्व भाग काढून टाकणारी लांबलचक शस्त्रक्रिया आणि औषधे हा त्याचा उपचार. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग मात्र पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसले की लक्षात येतो आणि म्हणून बहुधा वेळेवर सापडतो. वजन आणि मधुमेह वाढत असलेल्या शहरी वर्गात त्याचे रुग्ण वाढत आहेत. येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख करावा लागतो. महाराष्ट्रात काय किंवा उत्तर प्रदेशात काय, ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घालून पिशवी काढून टाकण्याचा धंदा अनेक ठिकाणी चालतो. दुसरीकडे गर्भाशयमुखाची तपासणी न करताच पिशवी काढली जाते आणि त्यात दडलेला कर्करोग नंतर उघड होतो. अशी अर्धवट शस्त्रक्रिया झालेली स्त्री मोठ्या रुग्णालयात येते तेव्हा तिचा उपचार मुळापेक्षा अवघड झालेला असतो.

सहायक उपचार हा शब्द या संस्थांत व्यापक अर्थाने घेतला जातो. किरणोपचार सुरू होण्यापूर्वी रक्तस्रावाने खालावलेले हिमोग्लोबिन वर आणावे लागते, कारण प्राणवायू कमी मिळणाऱ्या गाठीवर किरणांचा परिणाम कमी होतो. म्हणजे रक्तपेढी ही किरणयंत्राइतकीच गरजेची. वाढलेल्या गाठीने मूत्रवाहिन्या दाबल्या गेल्या तर मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, आणि तेव्हा पाठीतून नळी घालून लघवीला वाट करून दिल्यावरच सिस्प्लॅटिन देता येते. उपचारानंतर योनिमार्ग आखडतो, तो मोकळा ठेवण्यासाठी डायलेटर नावाचे साधन नियमित वापरावे लागते. अंडाशय किरणांखाली आल्याने तरुण स्त्रीची पाळी एकाएकी थांबते आणि तिच्यासोबत झोप, हाडे, मन या सर्वांवर परिणाम होतो. पायांना सूज येते. वैवाहिक संबंधांविषयी डॉक्टरांनी आपणहून विचारल्याशिवाय या विषयावर एकही स्त्री तोंड उघडत नाही, आणि सोबत सासू किंवा दीर असेल तर विचारूनही उघडत नाही. म्हणून परिचारिकेने तिच्याशी एकांतात बोलणे हा उपचाराच्या वेळापत्रकातला एक टप्पा असावा लागतो. नवऱ्याला हा रोग संसर्गाने लागत नाही, हे त्याला बसवून सांगावे लागते, अन्यथा बरी झालेली बाई माहेरी पाठवली जाते.

पैशाचा प्रश्न अर्थातच सर्वांच्या आधी येतो. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले आणि काशीतील रुग्णालये सुरू होण्याच्या सुमारासच ती आल्याने उपचाराचे बिल पुष्कळांच्या आवाक्यात आले. प्रवास, निवास आणि बुडालेली मजुरी यांची भरपाई मात्र कोणतीही योजना पुरेशी करत नाही. या फटीत काम करण्यासाठी टाटा स्मारक केंद्राने टाटा ट्रस्ट्स आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांच्या साहाय्याने २०१८ च्या सुमारास ‘केवट’ नावाचा वर्षभराचा अभ्यासक्रम सुरू केला. रामाला गंगापार नेणाऱ्या नावाड्याचे नाव त्याला दिले आहे. हे प्रशिक्षित मार्गदर्शक रुग्णाला नोंदणीच्या खिडकीपासून तपासण्या, निधी, निवास आणि पुढच्या तारखेपर्यंत सोबत करतात. उपचार मध्येच सोडून जाणाऱ्यांची संख्या कमी करणे हा त्यांच्या कामाचा खरा हेतू आहे; ब्रेकीथेरपीची तारीख चुकवलेल्या बाईच्या घरी दूरध्वनी करून तिला का येता आले नाही हे विचारणारे कोणी तरी असणे, हे वर सांगितलेल्या ५६ दिवसांच्या हिशेबात फार मोलाचे आहे.

रोग बरा होण्याजोगा नसतो तेव्हा वेदनाशमन आणि परिशामक सेवा यांचे काम सुरू होते, असा समज रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. परिशामक सेवा म्हणजे वेदना, उलट्या, रक्तस्राव, दुर्गंधी आणि भय यांचे निवारण करणारी वैद्यकशाखा. ती निदानाच्या दिवसापासून मूळ उपचाराबरोबर चालायची असते. काशीत हे समजावणे इतर शहरांहून कठीण जाते, कारण येथे काशीवासाची परंपरा आहे. मरण काशीत यावे म्हणून वृद्धांनी येऊन राहावे यासाठी १९५८ पासून मुक्तिभवन चालू आहे आणि महाराष्ट्रातून आलेल्या विधवा स्त्रियांच्या काशीवासाच्या आठवणी ब्रह्मघाट-दुर्गाघाटाच्या मराठी वस्तीत अजून सांगितल्या जातात. त्या परंपरेत प्रतीक्षा आहे. परिशामक वैद्यकात प्रतीक्षेला जागा नाही. गर्भाशयमुखाची गाठ सडून येणारी दुर्गंधी मेट्रोनिडॅझोलसारख्या स्वस्त औषधाने आटोक्यात येते आणि त्याबरोबर त्या बाईला घरच्यांच्या पंगतीत बसता येऊ लागते. थांबत नसलेला रक्तस्राव किरणांच्या एक-दोन मात्रांनी थांबवता येतो. ओटीपोटातील नसा दाबल्या गेल्याने होणाऱ्या वेदनेला मॉर्फीन लागते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने ते मिळवणे जिकिरीचे केले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट सोपी केली, तरी तालुक्याच्या गावात ते आजही सहज मिळत नाही. त्यामुळे गाझीपूर, बलिया किंवा सोनभद्रकडे परत जाणाऱ्या रुग्णाच्या हाती पुरेशा गोळ्या आणि त्या कशा घ्यायच्या याची लेखी सूचना देणे, हे काशीच्या परिशामक विभागाचे नित्याचे काम आहे.

पुढचा टप्पा रुग्णालयाबाहेरचा आहे. सरकारने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरच्या चाचणीने तपासणी करण्याचे ठरवले. आशा सेविकांच्या साहाय्याने अशी तपासणी वाराणसीच्या खेड्यांत पोहोचवण्यात टाटा स्मारक केंद्राच्या प्रतिबंध विभागाचा सहभाग आहे. मुंबईच्या वस्त्यांत सिद्ध झालेली ही पद्धत खेड्यात नेताना पडद्याआडची जागा, हातमोजे, प्रकाश आणि पांढरे डाग सापडलेल्या बाईला त्याच दिवशी उपचार मिळण्याची सोय या चार गोष्टी जमल्या नाहीत, तर तपासणी हा केवळ आकडा उरतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली सर्व्हाव्हॅक ही देशी एचपीव्ही लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. लसीच्या एका मात्रेचे संरक्षणही टिकाऊ असते, या निष्कर्षामागे ज्या भारतीय मुलींचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला, त्यांत बार्शीच्या परिसरातील मुलीही होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेले उद्दिष्ट ९० टक्के मुलींचे लसीकरण, ७० टक्के स्त्रियांची तपासणी आणि रोग आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार असे आहे. आज ज्या मुलींना लस मिळेल त्यांच्यातील कर्करोग कमी झालेला दिसायला दोन-तीन दशके लागतील. तोपर्यंत ज्या स्त्रिया आधीच तिशी-चाळिशीच्या पुढे आहेत, त्यांच्यासाठी तपासणी आणि परळ-लहरताराचा किरणोपचार हेच मार्ग राहतात. उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि त्यानंतर पाचव्या वर्षापर्यंत सहा महिन्यांनी त्यांना तपासणीसाठी बोलावले जाते. महामना केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात या फेरतपासणीला येणाऱ्या स्त्रियांना आता मुंबईच्या गाडीचे तिकीट काढावे लागत नाही. बहुतेकींना सकाळच्या पॅसेंजरने किंवा बसने येऊन संध्याकाळपर्यंत घरी परतता येते.